एअर रायफल अंगाच्या मापाची करून घेताना: नवोदित नेमबाजांसाठी मार्गदर्शन

रेंजवर जायला लागून दोन-तीन महिने झाले, क्लबच्या रायफलीवर हात थोडा बसला, की बहुतेक नवोदितांच्या मनात एक प्रश्न घोळू लागतो. आपली स्वतःची रायफल घ्यावी का, आणि घेतली तर तिच्यात काय काय बदलून घ्यावे? शेजारच्या लेनवरच्या मुलीची रायफल अ‍ॅल्युमिनियमच्या कुंद्याची, म्हणजे दस्त्याची, असते, तिच्या चीकपीसला, म्हणजे गाल टेकवायच्या भागाला, चार स्क्रू असतात आणि नळीवर छोटी वजने लावलेली असतात. तिचे गुणही चांगले येतात, त्यामुळे ते गुण त्या स्क्रूंमधूनच येत असावेत असे वाटू लागते. या लेखात मी १० मीटर एअर रायफलचाच विचार करणार आहे, कारण महाराष्ट्रातील बहुसंख्य नेमबाज याच प्रकारातून सुरुवात करतात आणि फेरफाराचा मोह व त्यातला खर्च येथेच सर्वाधिक असतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रायफलीचा जो भाग आपल्या शरीराला टेकतो, त्यात बदल करणे जवळजवळ नेहमीच सार्थकी लागते आणि ते स्वस्तही पडते. ज्या भागातून हवा आणि पेलेट, म्हणजे छोटी गोळी, जाते, त्यात नवोदिताने हात घालणे कधीच सार्थकी लागत नाही.

सुरुवात कायद्यापासून

अमेरिकेतील पुष्कळ छंदिष्ट एका कंपनीची अ‍ॅक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा), दुसरीची नळी आणि तिसरीचा कुंदा मागवून घरच्या गॅरेजमध्ये रायफल जुळवतात. तेथील कायदा त्यांना बऱ्याच अंशी तशी मुभा देतो. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीने पाहिले जातात, पण ते पाहून आपण काही करायला गेलो तर प्रकरण थेट फौजदारी होऊ शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्र तयार करणे, त्याचे रूपांतर करणे, इतकेच नव्हे तर त्याची दुरुस्ती करणे यासाठीही परवाना लागतो, आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती किंवा रूपांतर यांसाठीची शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली आहे. पॉइंट टू-टूची (०.२२ इंच व्यासाची, काडतुसाची) रायफल तुमच्या परवान्यावर असली, तरी तिच्या यंत्रणेचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते.

एअर रायफलीला मिळणारी सवलत दोन आकड्यांवर उभी आहे. नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, यापेक्षा जास्त नसावा आणि नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा २० ज्यूलपेक्षा कमी असावी. या मर्यादेत राहणाऱ्या बंदुकीला परवाना लागत नाही, मात्र विक्रेता ओळखीचा व पत्त्याचा पुरावा मागतो आणि तो द्यावा. स्पर्धेसाठीच्या एअर रायफलीतून साधारण अर्ध्या ग्रॅमचे पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघते. त्याची ऊर्जा काढली तर ती साडेसात ज्यूलच्या जवळपास भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. कागदाला भोक पाडायला एवढी ऊर्जा भरपूर होते. तरीही काही जण स्प्रिंगच्या बंदुकीत अधिक ताकदीची स्प्रिंग बसवून घेतात. त्यामुळे धक्का वाढतो, ग्रुप (लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका) फाटतो आणि बंदूक २० ज्यूलची रेघ ओलांडू शकते. नेमबाजीच्या दृष्टीने यात लाभ काहीच नाही.

नंतर मोजणी: चूक रायफलीची की आपली

एक पैसाही खर्च करण्याआधी हे गणित वहीत मांडावे. १० मीटरच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे, एखाद्या ठिपक्याएवढे असते, आणि पेलेटची कड त्याला स्पर्शली तरी १०.० मिळतात. पेलेट ४.५ मिलिमीटरचे असल्यामुळे त्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत असले पाहिजे, असा याचा अर्थ होतो. तेथून पुढे प्रत्येक दशांश गुणासाठी पाव मिलिमीटर आत सरकावे लागते आणि १०.९ ला सर्वोच्च गुण मानतात. ६० शॉटच्या सामन्यात जास्तीत जास्त ६५४ गुण होऊ शकतात.

आता रायफल शिकंज्यात पक्की आवळून, तिला मानवणाऱ्या पेलेटने १० शॉट मारले, तर चांगल्या मॅच रायफलीची सगळी भोके एकमेकांत मिसळून एकच थोडे मोठे भोक दिसते. केंद्र ते केंद्र हा पसारा एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तीच रायफल तीन महिने शिकलेल्या माणसाने उभ्याने मारली, तर ग्रुप २५ ते ३० मिलिमीटर होणे स्वाभाविक आहे. मधला सगळा फरक आपल्या उभे राहण्याचा, श्वासाचा आणि ट्रिगरवरील बोटाचा असतो. रायफल कितीही सुधारली तरी त्या ३० मिलिमीटरमधला एखादाच मिलिमीटर कमी होईल. हे आकडे एकदा डोळ्यांखालून घातले, की महागडी नळी किंवा परदेशी साइट (नेम धरण्याचे साधन) यांच्याविषयीचे आकर्षण बरेच ओसरते.

मग अंगाला बसणाऱ्या भागांवर खर्च का करायचा, असे कोणी विचारेल. मागच्या व पुढच्या साइटमधील अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास असते. लक्ष्यावर १ मिलिमीटरचा फरक पडायला साइटची रेषा ०.०८ मिलिमीटरने हलली तरी पुरते. खांद्यावर बट दर वेळी थोडी वेगळ्या जागी बसत असेल किंवा गाल कधी जास्त, कधी कमी दाबला जात असेल, तर एवढी हालचाल प्रत्येक शॉटला होतेच. मापात बसलेल्या रायफलीमुळे शरीर दर वेळी त्याच जागी परत येते, आणि आपल्या ३० मिलिमीटरमधला मोठा वाटा त्यातून कमी होऊ शकतो.

म्हणून पहिले सहा महिने क्लबच्या रायफलीवरच काढावेत असे मी सुचवतो. रोज शेवटचे २० शॉट कागदी टार्गेटवर मारून त्यावर तारीख घालावी आणि ती टार्गेटे जपून ठेवावीत. पुढे कोणताही बदल केल्यावर त्याचा निवाडा याच टार्गेटांवरून करता येतो. आठवणीवर विसंबून तो करता येत नाही, कारण नव्या वस्तूचा पहिला आठवडा नेहमीच चांगला जातो.

माप घेण्याचा क्रम

येथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक भाग आधीच्या भागावर अवलंबून असतो. क्रम उलटा केला तर तीच कामे दोनदा करावी लागतात.

प्रथम बट प्लेट, म्हणजे कुंद्याचा खांद्याला टेकणारा तुकडा, पाहावी. बटापासून ट्रिगरपर्यंतची लांबी अशी असावी, की रायफल खांद्याला लावल्यावर ट्रिगरचे बोट ताणावे लागणार नाही आणि मागच्या साइटपासून डोळा फार जवळही येणार नाही. बहुतेक नवोदितांची लांबी जास्त असते, कारण क्लबची रायफल सर्वात उंच मुलाच्या मापावर लावून ठेवलेली असते. लांबी बसली की बट प्लेटची उंची लावावी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मान नैसर्गिक ठेवावी आणि मग डोळे उघडावेत. डोके खाली घालून साइट शोधावी लागत असेल, तर बट खांद्यावर फार खाली टेकलेली आहे. बट प्लेट कुंद्यावर खाली सरकवली की रायफल तेवढी वर येते. प्रत्येक वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये.

दुसरे स्थान चीकपीसचे. गालाचे हाड त्यावर निवांत टेकले पाहिजे. डोके त्यावर दाबून ठेवायचे नाही, सोडून द्यायचे आहे. डोळे मिटून डोके टेकवावे, दोन श्वास घ्यावेत आणि डोळा उघडावा. मागच्या साइटच्या छिद्रात पुढच्या साइटचे कडे मधोमध दिसले, तर चीकपीस योग्य आहे. कडे वर सरकलेले दिसत असेल तर डोळा साइटच्या रेषेच्या वर आहे, म्हणून चीकपीस किंचित खाली घ्यावा. खाली सरकलेले दिसत असेल तर उलट करावे. डावी-उजवी बाजूही याच रीतीने लावतात. चश्मा वापरणाऱ्यांनी ही तपासणी नेमबाजीसाठीचा नंबर नक्की झाल्यावरच करावी, अन्यथा सगळे पुन्हा करावे लागते.

मग हँड रेस्ट. उभ्या पोझिशनमध्ये डाव्या हाताचे कोपर कंबरेच्या हाडावर किंवा फासळ्यांच्या कडेला टेकते, आणि रायफलीचे वजन स्नायूंनी न पेलता हाडांवरून पायांपर्यंत उतरते. ज्यांचे धड उंच व हात आखूड आहेत, त्यांची रायफल लक्ष्याच्या खाली राहते, आणि ती खांद्याने उचलण्याची सवय लागली की पाठदुखी ठरलेलीच. अशा वेळी पुढच्या भागाखाली लाकडी ठोकळा लावून उंची वाढवतात. तयार हँड रेस्ट मिळतात. पण सागवानाचा एक तुकडा सुताराकडून घासून घेतला तरी पहिली दोन वर्षे तो उत्तम चालतो. नळीच्या मध्यरेषेपासून पुढच्या भागाची खोली १२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, एवढे मात्र पट्टी लावून पाहावे.

शेवटी पिस्तुलासारखी मूठ, म्हणजे ग्रिप. घरच्या घरी करण्याजोगे आणि सर्वाधिक फळ देणारे काम हेच आहे. कारखान्यातून येणारी ग्रिप युरोपीय हाताच्या मापाची असते. आपल्याकडील मुलींच्या हातात ती भरून उरते आणि ट्रिगरवर बोटाचे टोक सरळ न बसता तिरके बसते. जेथे ग्रिप जाड आहे तेथे ती घासावी आणि जेथे तळहाताला पोकळी राहते तेथे भर घालावी. भर घालण्यासाठी एम-सील पुरते. ते मळून लावावे, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवावा आणि रायफल प्रत्यक्ष पोझिशनमध्ये धरून हाताचा ठसा उमटू द्यावा. ते कडक झाल्यावर १२० नंबरच्या आणि नंतर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मोडाव्यात. मूळ ग्रिपवर हे करण्यापूर्वी सुटी ग्रिप मिळत असेल तर ती घ्यावी. मिळत नसेल तर आधी फक्त भर घालून पाहावे, कारण घातलेली भर काढता येते, घासलेले लाकूड परत येत नाही. घासण्यापूर्वी ग्रिप रायफलीपासून सोडवावी, हे सांगायला नको असे वाटते. पण लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेलेली एक रायफल मी स्वतः साफ केली आहे, म्हणून सांगतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर किमान ३०० शॉट मारेपर्यंत दुसरा करू नये. हा नियम मी मोडून शिकलो. एका जिल्हा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी मी बट प्लेट, चीकपीस आणि हँड रेस्ट तिन्ही एकाच रविवारी बदलले. गुण घसरले तेव्हा नेमके काय परत फिरवायचे हे कळेना, आणि जुनी मापे मी कोठेही लिहून ठेवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक पट्टीवरचा आकडा वहीत असतो आणि स्क्रूच्या जागेवर पेन्सिलीची बारीक खूण असते.

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ही मोजपट्टीची सवय किती कामाची असते, हे स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारावरून लक्षात येते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या या नेमबाजाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या अंतिम फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन अवस्थांत एकाच रायफलीने मारावे लागते, आणि अवस्था बदलताना घड्याळ चालू असताना बट प्लेट व इतर भाग नव्या मापावर आणावे लागतात. तेथे अ‍ॅल्युमिनियमच्या, आकडे कोरलेल्या कुंद्याला खरा अर्थ आहे. १० मीटरमध्ये फक्त उभे राहायचे असल्याने एकदा लावलेले माप महिनोन्‌महिने तसेच राहते, म्हणून नवोदिताला लाकडी कुंदाही पुरतो.

ट्रिगर आणि पेलेट

ट्रिगरविषयी थोडक्यात सांगतो. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमच्या ट्रिगरचे बंधन असते, तसे एअर रायफलीला नसते. त्यामुळे तो हलका करण्याची स्पर्धाच लागते. नवोदिताने तो शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, पहिला टप्पा (शॉट सुटण्याआधीची सैल हालचाल) स्पष्ट जाणवेल असा ठेवावा. माहितीपुस्तिकेत जे स्क्रू दाखवले आहेत तेवढेच फिरवावेत आणि तेही कोचांसमोर. फार हलक्या ट्रिगरवर बोट टेकताच शॉट सुटतो आणि मग बोट टेकवायचीच भीती बसते. ती भीती जायला वर्ष जाते.

पेलेटची चाचणी हा मात्र सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित ‘फेरफार’ आहे. मॅच पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे डोक्याचे माप छापलेले असते, आणि प्रत्येक नळीला यातले एखादेच माप नीट मानवते. ज्या क्लबमध्ये शिकंजा आहे तेथे चार-पाच प्रकारचे पेलेट घेऊन प्रत्येकाचे १० शॉटचे दोन ग्रुप काढावेत, आणि जो लहान येईल त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे घ्यावेत. पण हे सरावाचा ग्रुप १२-१५ मिलिमीटरवर आल्यानंतर करावे, त्याआधी फरक दिसणारच नाही.

जेथे स्क्रू ड्रायव्हर लावू नये

सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि नळी यांना हात लावू नये. स्पर्धेच्या रायफलीतील सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असते, यावरून कल्पना यावी. गळती वाटली तर सिलिंडर बाजूला ठेवून विक्रेत्याच्या सेवा केंद्राकडे पाठवावा. त्यावरील तारीखही पाहावी, कारण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० वर्षांपेक्षा जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ते पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. सेकंडहँड रायफल घेताना किमतीची घासाघीस याच तारखेवरून करावी.

पैशांचा हिशेब

उत्तम जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच रायफल आपल्याकडे दोन-तीन लाखांच्या घरात जाते. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ, स्टायर ही नावे रेंजवर ऐकू येतात आणि यांपैकी कोणत्याही एका रायफलीचा शिकंज्यातला ग्रुप दुसरीपेक्षा नवोदिताला जाणवेल इतका वेगळा नसतो. म्हणून जुन्या मॉडेलची, नीट सांभाळलेली, सिलिंडरची मुदत शिल्लक असलेली रायफल घेऊन वाचलेले पैसे जॅकेट, बूट आणि पेलेट यांवर घालावेत. नेमबाजीचे जॅकेट दुसऱ्याच्या मापाचे असेल तर वरचे सगळे माप वाया जाते.

साध्या रायफलीला हळूहळू सुधारत महागडीच्या जोडीला आणण्याचा बेत मात्र करू नये. ओपन साइटच्या (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) स्प्रिंग रायफलीला पीप साइट (छिद्रातून पाहायची), नवा कुंदा आणि हँड रेस्ट लावत गेले की वर्षभरात खर्चाची बेरीज सेकंडहँड मॅच रायफलीच्या बरीच जवळ येते. धक्का मात्र स्प्रिंगचाच राहतो, आणि विकायला गेल्यावर त्या सुट्या भागांचे कोणी काही देत नाही. राज्य पातळीवर ओपन साइट आणि पीप साइट हे वेगळे प्रकार असतात. ओपन साइट खेळायचे असेल तर रायफल आहे तशीच ठेवून खेळावे.

दुसऱ्या नेमबाजाने स्वतःच्या हातासाठी कोरून घेतलेला कुंदा स्वस्तात मिळतो, त्याचाही मोह टाळावा. मी एक घेतला होता. मूळ मालकाची बोटे माझ्यापेक्षा लांब होती, आणि दीड वर्ष मी त्याच्या हाताच्या मापात माझा हात बसवत राहिलो.

मुले, पालक आणि वजन

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत वजनाचा विचार आधी करावा. नियमाने एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, पण ही कमाल मर्यादा आहे. नळीवर वजने लावली की साइट शांत दिसते हे खरे, तरी त्यासाठी कंबर आणि पाठ तयार व्हावी लागते. पालकांनी सुरुवातीला लावलेली वजने काढून घ्यावीत, आखूड कुंदा मागावा आणि उंची वाढते तसे दर चार-सहा महिन्यांनी लांबी पुन्हा मोजावी. वाढत्या वयात कायमस्वरूपी घासकाम करूच नये, सगळे बदल स्क्रूने मागेपुढे होणारेच असावेत.

स्पर्धेपूर्वी

स्पर्धेच्या चार आठवडे आधी सर्व बदल थांबवावेत. त्यानंतर कोणी कितीही चांगली सूचना केली, तरी ती वहीत लिहून स्पर्धेनंतरसाठी ठेवावी. रायफल वजन काट्यावर ठेवून पाहावी, यंत्रणेच्या (कुंद्याच्या नव्हे) मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत आहे हे तपासावे, आणि चीकपीस किंवा ग्रिपवर घातलेली भर नियमात बसते की नाही हे जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या पंचांना आधी दाखवून घ्यावे. तपासणी सामना झाल्यावरही होते, आणि तेव्हा सापडलेली चूक मारलेले सर्व गुण घेऊन जाते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून कोणाच्या तरी जुन्या झेरॉक्सवर भिस्त न ठेवता चालू नियमपुस्तिका पाहावी.

खोक्यात अ‍ॅलन कीचा पूर्ण संच, पुढच्या साइटची जादा कडी, एक जादा सिलिंडर, ज्या भागांना बदलले त्यांचे मूळ भाग आणि मापांची वही असावी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सामन्याच्या दिवशीच अभिनव बिंद्रा यांच्या रायफलीची साइट मोडली होती. जवळ जादा साइट असल्याने ते खेळू शकले आणि अंतिम फेरी गाठून चौथे आले. आपल्या खोक्यातील जादा साइटवर झिरो (नेम आणि भोक जुळवणे) आधीच करून घ्यावा आणि किती क्लिक फिरवावे लागतात तो आकडा तिच्यावरच चिकटवून ठेवावा.